मूत्रपिंडदात्याचे श्रम, व्यायाम आणि लांब पल्ल्याची दौड

दरवर्षी ऑगस्ट महिन्यात एका रविवारी, उजाडण्यापूर्वीच, हैदराबाद शहरात हुसेनसागराच्या काठी हजारो स्त्रीपुरुष धावण्यासाठी जमतात. कोणी १० किलोमीटर धावणारे असतात, कोणी २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन पुरी करणारे, तर कोणी ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन अंगावर घेणारे. तलावाकाठून निघालेली ही मोठी दौड शहर ओलांडून गच्चीबावलीच्या क्रीडांगणाकडे जाते. वाटेत उड्डाणपुलांचे आणि खडकाळ टेकड्यांचे चढउतार आहेत, आणि ऑगस्टची हवा दमट असते. धडधाकट माणसाचाही येथे कस लागतो. अशा दौडीत उतरण्याची इच्छा एखाद्या मूत्रपिंडदात्याने, म्हणजे भावासाठी वा मुलासाठी आपली एक किडनी दिलेल्या माणसाने, बोलून दाखविली तर घरातील वडीलधारी मंडळी काय म्हणतील, हे सांगावयास नको. ‘आता तू एका किडनीचा माणूस, जपून राहा’ हा उपदेश त्याच्या वाट्याला शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासूनच आलेला असतो. या उपदेशात तथ्य किती आणि भीती किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

हैदराबादचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता आणि राज्यपुनर्रचना झाली तरी वाटा बदलल्या नाहीत. नांदेड, परभणी, लातूर, धाराशिव या भागांतील रुग्ण आजही मोठ्या उपचारासाठी हैदराबादची गाडी पकडतात. तेथील निझाम्स इन्स्टिट्यूट, उस्मानिया रुग्णालय, गांधी रुग्णालय या सार्वजनिक संस्थांत आणि अनेक खाजगी रुग्णालयांत मूत्रपिंड प्रत्यारोपण होते. रुग्णाबरोबर त्याचा दाताही जातो, एक मूत्रपिंड देऊन परततो आणि पुन्हा शेतीच्या, नोकरीच्या वा घरकामाच्या रगाड्यात पडतो. रुग्णाची काळजी घेणारे पुष्कळ असतात. दात्याने पुढे कसे वागावे, किती चालावे, किती वजन उचलावे, हे त्याला नीट सांगणारे मात्र गावात क्वचितच भेटते.

एका मूत्रपिंडावर शरीर कसे चालते

मनुष्याला दोन मूत्रपिंडे असतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला ती वसलेली असतात. एकेकाचे वजन सुमारे १५० ग्रॅम, म्हणजे मुठीत मावेल एवढा हा अवयव. पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा सतत या दोघांकडे वाहत असतो. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक सर्व पाणी व क्षार शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर मूत्र तेवढे बाहेर पडते. प्रत्येक मूत्रपिंडात अशा सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात.

एक मूत्रपिंड काढल्यावर गाळण्याची शक्ती निम्मी होते, आणि ती कायमची निम्मीच राहते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. शस्त्रक्रियेनंतर लगेच ती निम्म्याच्या आसपास येते हे खरे. परंतु उरलेले मूत्रपिंड पुढील काही आठवड्यांत व महिन्यांत आकाराने वाढते, त्याच्याकडे अधिक रक्त जाऊ लागते, आणि निरोगी दात्याची गाळणशक्ती पूर्वीच्या सुमारे ६५ ते ७५ टक्क्यांपर्यंत येऊन स्थिरावते. नव्या गाळण्या मात्र निर्माण होत नाहीत. आहेत त्याच अधिक काम करतात. एक बैल गेल्यावर दुसऱ्याने सबंध औत ओढावे असा हा प्रकार नव्हे. दुसरा बैलच अंगाने भरतो, असे फार तर म्हणता येईल.

माणूस किती वेगाने व किती दूर धावू शकेल हे मुख्यतः हृदय, फुप्फुसे, स्नायू आणि सराव यांवर ठरते. मूत्रपिंडांच्या संख्येवर ते ठरत नाही. म्हणून दानापूर्वी जो पाच मैल चालत होता तो पूर्ण बरा झाल्यावर पुन्हा पाच मैल चालू शकतो, आणि जो धावत होता तो पुन्हा धावू शकतो. दात्याची निवडच कसून तपासणी केल्यावर होते. रक्तदाब, मधुमेह, लघवीतील प्रथिने, हृदय, मूत्रपिंडांची रचना हे सर्व पाहून निरोगी ठरलेल्या माणसालाच दान करू दिले जाते. दाता हा रुग्ण नव्हे, ही गोष्ट येथे पक्की ध्यानात घ्यावी. जगातील यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपणाची सुरुवातही अशाच एका निरोगी भावापासून झाली.

पहिला दाता : शेतकरी आणि गणिताचा शिक्षक

ते प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरी झाले. रिचर्ड हेरिक हा तरुण मूत्रपिंडाच्या विकाराने मरणपंथास लागला होता. त्याचा जुळा भाऊ रोनाल्ड याने आपले एक मूत्रपिंड दिले आणि डॉ. जोसेफ मरे यांनी ते बसविले. निरोगी माणसाच्या शरीरावर, त्याच्या स्वतःच्या कोणत्याही लाभाशिवाय, एवढी मोठी शस्त्रक्रिया करावी काय, हा प्रश्न त्या काळी डॉक्टरांनाही अस्वस्थ करणारा होता. रिचर्डला आठ वर्षांचे अधिक आयुष्य मिळाले. डॉ. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. या दोघांच्या मानाने रोनाल्डची आठवण कमी निघते. दान केले तेव्हा तो २३ वर्षांचा होता. पुढे त्याने गणिताचा शिक्षक म्हणून नोकरी केली, शेती केली, आणि दानानंतर छप्पन्न वर्षांनी, २०१० च्या डिसेंबरात, वयाच्या ७९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. शाळा आणि शेत या दोन्ही ठिकाणी राबणारा हा माणूस ग्रामीण वाचकांना अनोळखी वाटू नये.

भारतात जिवंत दात्याकडून घेतलेल्या मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लोर येथे झाले. त्या काळी दात्याच्या कुशीवर मोठी चीर घ्यावी लागे, प्रसंगी बरगडीचा तुकडाही काढावा लागे, आणि त्यामुळे महिनोन् महिने वाकणे व उचलणे कठीण होई. १९९५ साली अमेरिकेत दात्याचे मूत्रपिंड दुर्बिणीद्वारे काढण्याची पद्धत सुरू झाली. आता लहान छिद्रांतून हे काम होते आणि दाता बहुधा दुसऱ्या दिवशी चालू लागतो.

दात्यांनी काय काय करून दाखविले, याची उदाहरणे आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. १० मार्च २०२२ रोजी, जागतिक मूत्रपिंड दिनी, मूत्रपिंडदात्यांच्या एका गटाने आफ्रिकेतील ५,८९५ मीटर उंचीचे किलिमांजारो शिखर गाठले. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९७८ साली इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे सुरू झाल्या. या स्पर्धांत आता जिवंत दात्यांसाठीही स्वतंत्र गट असतो. २०२३ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथे झालेल्या स्पर्धांत भारताचे पथक उतरले होते. बंगळुरूचे अनिल श्रीवत्स यांनी २०१४ साली आपल्या भावाला मूत्रपिंड दिले. त्यानंतर ते या स्पर्धांच्या मैदानात उतरले आणि अवयवदानाचा प्रचार करीत मोटारीने देशोदेशी फिरले.

धोका नाहीच असे नाही

अशी उदाहरणे सांगितली की सभेत टाळ्या पडतात. परंतु प्रचाराच्या भरात दात्यापासून धोका लपविणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. अमेरिकेतील सुमारे ९६,००० दात्यांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की, दानानंतरच्या पंधरा वर्षांत दर १०,००० दात्यांपैकी सुमारे ३१ जणांचे मूत्रपिंड निकामी झाले; तितक्याच निरोगी, पण दान न केलेल्या लोकांत हे प्रमाण १०,००० मागे सुमारे ४ होते. हे दोन्ही आकडे एकत्रच सांगावयास हवेत. भिवविणारा ‘आठपट’ म्हणतो, समजूत घालणारा ‘हजारी तीन’ म्हणतो, आणि दोघेही खरेच बोलतात. दान दिलेल्या तरुण स्त्रियांना पुढील गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा संभव अधिक असतो. कॅनडातील एका अभ्यासात दात्या स्त्रियांच्या गरोदरपणात हे प्रमाण ११ टक्के, तर इतर निरोगी स्त्रियांत ५ टक्के आढळले. बहुतेकींची बाळंतपणे सुखरूप होतात. पण दान केल्याची गोष्ट गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत परिचारिकेला सांगणे आवश्यक आहे.

स्त्रियांचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांची होती आणि अवघी ६,९४५ स्त्रियांची. जिवंत दात्यांमध्ये मात्र स्त्रियांचीच संख्या मोठी असते. नवऱ्याला बायको देते, मुलाला आई देते. घेणारा विश्रांती घेतो आणि देणारी आठवड्याभरात चुलीपुढे बसते, असे चित्र अनेक घरांत दिसते. मॅरेथॉन ही ज्याच्या त्याच्या हौसेची बाब आहे; पाण्याची घागर ही हौसेची बाब नाही. भरलेली घागर दहा-पंधरा किलोंची असते आणि शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे चार-पाच किलोंहून अधिक वजन उचलू नये, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. तो न पाळल्यास जखमेच्या जागी अंतर्गळ, म्हणजे हर्निया, होण्याची भीती असते. तेव्हा लांब पल्ल्याच्या दौडीचा विचार करण्यापूर्वी या सहा आठवड्यांत त्या घरी पाणी कोण भरणार, हे ठरलेले असावे.

नोकरदारांची अडचण निराळी असते. केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी, अवयवदान केल्यास ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजेची तरतूद केली आहे. शस्त्रक्रिया कोणत्याही पद्धतीची असो, मर्यादा तीच आहे. बरे होण्यास साधारणतः तेवढाच अवधी लागतो.

चालण्यापासून दौडीपर्यंत

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी खोलीतल्या खोलीत चालणे, ही दात्याची पहिली दौड होय. घरी आल्यावर रोज थोडे थोडे चालणे वाढवावे. हे चालणे रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाही, शौचास साफ करते आणि मनालाही उभारी देते. पहिले काही आठवडे अकारण थकवा जाणवतो. दुपारीच अंग गळून जाते. याचा अर्थ उरलेले मूत्रपिंड बिघडले असा नव्हे. शरीर नव्या व्यवस्थेची सवय करून घेत असते. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली असल्यास सुमारे सहा ते आठ आठवड्यांनी, मोठी चीर घेतली असल्यास सुमारे तीन महिन्यांनी, आणि तेही शल्यचिकित्सकाने जखम पाहून परवानगी दिल्यावरच, हळूहळू धावण्यास आरंभ करावा. प्रथम पाच मिनिटे चालणे आणि एक मिनिट धावणे, असे आलटून पालटून करावे. ज्याला पूर्वी धावण्याची सवय होती त्याचाच येथे मोह आवरत नाही, असा अनुभव येतो. पोटाचे स्नायू जुळून येण्यापूर्वीच तो जुना वेग गाठू पाहतो आणि महिनाभर मागे पडतो. अर्धमॅरेथॉन वा मॅरेथॉनची तयारी त्यानंतर कित्येक महिन्यांच्या सरावानेच होते. दोन मूत्रपिंडांच्या माणसालाही ती एका महिन्यात साधत नाही.

कुस्ती आणि कबड्डी यांबाबत मात्र विचार करावा लागेल. धावण्यात मूत्रपिंडाला मार लागत नाही. कुस्तीच्या डावात, कबड्डीच्या पकडीत किंवा मोटारसायकलवरून पडल्यास कुशीवर जोराचा आघात होऊ शकतो, आणि एकुलते एक मूत्रपिंड जायबंदी झाले तर दुसरे मदतीस नसते. असा आघात वारंवार होतो असे नव्हे. तरी आखाड्यात जाणाऱ्या दात्याने आपल्या डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा.

पाणी, ऊन आणि गोळ्या

लांब पल्ल्याच्या दौडीत मूत्रपिंडावर ताण का येतो, हे समजून घेतले की पुढचे पथ्य आपोआप पटते. धावताना रक्त स्नायूंकडे आणि घाम गाळण्यासाठी त्वचेकडे वळते. मूत्रपिंडांकडे जाणारा प्रवाह कमी होतो. घामावाटे पाणी जाते आणि रक्त आटते. फार श्रमाने स्नायूंचे तंतू तुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात, तीही मूत्रपिंडालाच गाळावी लागतात. अमेरिकेतील हार्टफोर्ड येथील २०१५ च्या मॅरेथॉनमध्ये २२ धावपटूंची तपासणी करण्यात आली. दौड संपताच त्यांच्यापैकी सुमारे ८२ टक्क्यांमध्ये मूत्रपिंडाच्या तात्पुरत्या इजेची लक्षणे आढळली आणि दोन दिवसांत ती ओसरली. हे सर्व दोन मूत्रपिंडांचे निरोगी लोक होते. दात्याला धावण्याची मनाई करण्यासाठी हा दाखला वापरता येणार नाही; पण दौडीनंतरचे दोन दिवस त्याने विश्रांतीत घालवावेत, हे यावरून सहज पटेल.

पाण्याबाबत दोन्ही टोके घातक आहेत. तहान मारून धावणे वाईट आणि धास्तीने घटाघट साधे पाणी पीत राहणेही वाईट. कारण त्यामुळे रक्तातील मीठ पातळ होऊन झापड, भ्रम, प्रसंगी झटके येतात. तहानेप्रमाणे घोट घोट पाणी प्यावे आणि तासाहून अधिक वेळ धावावयाचे असल्यास मधूनमधून जलसंजीवनी घ्यावी. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरेसे आहे असे समजावे. ती गडद, चहासारखी किंवा लालसर झाली, अथवा दौडीनंतर बराच वेळ झालीच नाही, तर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सूर्योदयापूर्वीच सराव आटोपावा. हैदराबादच्या ऑगस्टमध्ये ऊन कमी असले तरी दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंगातील उष्णता बाहेर पडत नाही, हे बाहेरून येणाऱ्या धावपटूच्या लक्षात येत नाही. ताप, जुलाब वा उलट्या होत असतील त्या दिवशी धावू नये. नाव नोंदविले आहे, पैसे भरले आहेत, असल्या कारणांना येथे थारा देऊ नये.

सर्वांत मोठा धोका धावण्यात नसून धावपटूच्या खिशात असतो, असे म्हटले तरी चालेल. गुडघा दुखला की औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅकची गोळी घेण्याची सवय सर्वत्र पसरलेली आहे. काही जण तर दौड सुरू होण्यापूर्वीच ती घेऊन ठेवतात. ही वेदनाशामके मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. घामाने पाणी कमी झालेले, श्रमाने रक्त कमी झालेले, त्यात ही गोळी, असे तीन घाव एकाच मूत्रपिंडावर एकाच वेळी पडतात. दात्याने ही औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. शेतात राबून कंबर दुखते म्हणून गावातल्या दुकानातून सुटी गोळी घेणाऱ्या दात्यालाही हाच नियम लागू आहे. किंबहुना त्यालाच अधिक, कारण तो ती रोज घेतो.

वार्षिक तपासणी

दात्याने आयुष्यभर वर्षातून एकदा रक्तदाब, वजन, रक्तातील साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने यांची तपासणी करावी. त्यासाठी दरवेळी हैदराबादला जाण्याची गरज नाही. रक्तदाब व साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहता येते आणि उरलेल्या तपासण्या जिल्हा रुग्णालयात होतात. एक मूत्रपिंड असलेल्या माणसाचे क्रिएटिनिन पूर्वीपेक्षा थोडे वाढलेले असणे स्वाभाविक आहे. दान केल्याचे न सांगता अहवाल दाखविल्यास नवखा डॉक्टर मूत्रपिंडविकाराचे निदान करून मोकळा होतो आणि घर उगाच हादरते. म्हणून रुग्णालयातून घरी जाताना मिळालेले कार्ड जपून ठेवावे व दरवेळी बरोबर न्यावे. दानानंतर क्रिएटिनिन ज्या आकड्यावर स्थिरावले तो आकडाच पुढील तुलनेचा आधार होय. लांब दौडीनंतर लगेच ही तपासणी करू नये. श्रमाने क्रिएटिनिन तात्पुरते वाढते आणि लघवीत प्रथिनेही उतरतात. निदान तीन-चार दिवस मध्ये जाऊ द्यावेत.

मोठ्या दौडीत प्रत्येक धावपटूला छातीवर लावावयाचा क्रमांकाचा कागद मिळतो. त्याच्या मागील बाजूस रक्तगट, जुने आजार आणि अडचणीच्या वेळी कोणाला कळवावयाचे त्याचा दूरध्वनी क्रमांक लिहिण्यासाठी जागा असते. बहुतेक धावपटू ती कोरीच ठेवतात. मूत्रपिंडदात्याने तेथे, न पुसणाऱ्या शाईने, ‘एक मूत्रपिंड दान केले आहे, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये’ असे मराठीत आणि त्या गावच्या भाषेत लिहावे, आणि कोणत्या बाजूचे मूत्रपिंड काढले, डावे की उजवे, तेही नोंदवावे.